वाटेवर गाठ मारलेलं पातं

बोरूसारख्या उंच गवताचं एक दांडकं वाटेच्या कडेला खोचलेलं होतं. त्याचं हिरवं पातं वरून वाकवून त्याला सैलशी गाठ मारली होती. बस, एवढंच. मला वाटलं, गुरांमागे फिरणाऱ्या कुणा पोराने चाळा म्हणून केलं असेल. मी त्याच्या बाजूने पाऊल पुढे टाकलं आणि सकाळपासून हळू आवाजात बोलणारा आमचा वाटाड्या एकदम मागून ओरडला. त्याने माझा दंड धरून मला मागे ओढलं, लगेच हात सोडला आणि माफी मागितली. मग म्हणाला, "आज गाव बंद आहे, मनांग."

मनांग म्हणजे ताई. शब्द इलोकानो भाषेतला, पण फिलिपीन्सच्या उत्तरेकडच्या त्या सगळ्या डोंगराळ मुलखात चालतो. आम्ही इफुगाव प्रांतात होतो, लुझोन बेटावरच्या कोर्डिलेरा डोंगररांगांत. गवताला ते लोक रुनो म्हणतात आणि गाठ मारलेल्या त्या दांडक्याला पुडोंग. पुडोंग उभा असला की माणसाने पुढे जायचं नाही. शेताच्या मेरेवर उभा असेल तर त्या शेतात पाय टाकायचा नाही, वाटेवर असेल तर त्या वाटेने जायचं नाही. पाटी नाही, कुलूप नाही, राखण करायला माणूसही नाही. गाठ आहे आणि ती सगळ्यांना वाचता येते. मला आली नाही.

कापणी आटोपल्यावर पाळायचा विश्रांतीचा दिवस होता तो. तिकडे त्याला तुंगो म्हणतात. त्या दिवशी शेतात कुणी उतरत नाही, आणि त्या गावाने बाहेरच्यांसाठी वाटही बंद ठेवली होती. मी एका दगडावर बसले आणि खरं सांगते, मला राग आला. एवढे पैसे भरलेले, रात्रभर बसमध्ये अंग आंबवून आलेलो, आणि मनिलातल्या ज्या एजंटाने सहल ठरवून दिली होती त्याने या गावात 'भातकापणीचा कार्यक्रम आणि पारंपरिक गायन' असं कागदावर लिहून दिलं होतं. मी वाटाड्याला तो कागद दाखवला. त्याने तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "हे लिहिणाऱ्याने गावात कुणाला विचारलं नव्हतं."

त्या दगडावर बसल्या बसल्या मला माझं माहेर आठवलं. मी आचऱ्याची. आमच्याकडे दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुरं-ढोरं, कोंबड्या-कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहतो. गावात चूल पेटत नाही. परत कौल झाल्यावरच माणसं घरी येतात. लहानपणी एका गावपळणीच्या वेळी मुंबईचे कुणी ओळखीचे लोक अचानक आले होते, 'आम्ही फक्त देऊळ बघून येतो' म्हणून हट्ट धरून बसले होते. माझी आई, जिने आयुष्यात कुणाला दारातून उपाशी पाठवलं नाही, तिने त्यांना झोपडीत पेज वाढली, पण गावात सोडलं नाही. तेव्हा त्या पाहुण्यांचा मला किती राग आला होता! चाळीस वर्षांनी मीच तो पाहुणा होऊन दुसऱ्याच्या वेशीवर बसले होते, हातात छापील कागद घेऊन.

म्हणून हे लिहिते आहे. दुर्गम डोंगरात, तिथल्या मूळच्या लोकांच्या गावांत चार-पाच दिवसांसाठी जायचं मनात असेल, तर माझ्याकडून जे चुकलं ते तुमच्याकडून चुकू नये.

माझा भाचा मनिलात नोकरीला आहे. २०२५च्या जूनपासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही हे त्यानेच कळवलं आणि "मावशे, ये गो, डोंगरातली शेती बघून तुका घरची आठवण येतली" असा आग्रह धरला. (असे नियम बदलतात. निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्याच, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.) मी आणि माझे यजमान मुंबईहून सिंगापूरमार्गे गेलो. भाच्याला रजा नव्हती, म्हणून एजंट गाठला. त्याने चार दिवसांत काय काय बसवलं होतं ते सांगते. पहिल्या दिवशी बनावे आणि एक इफुगाव गाव. दुसऱ्या दिवशी सगादा, तिथल्या कड्याला टांगलेल्या शवपेट्या आणि गुहा. तिसऱ्या दिवशी कलिंगा प्रांतातलं बुस्कलान, जिथे १९१७ साली जन्मलेल्या वांग-ओद या आजी काट्याने गोंदण करतात. चौथ्या रात्री बस, पाचव्या सकाळी मनिलाहून विमान.

कागदावर हे सगळं बसतं. नकाशावर तर बोटभर अंतर. पण मनिलाहून बनावे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि रात्रीच्या बसला नऊ-दहा तास लागतात. शेवटचा टप्पा सगळा वळणांचा. बनावेहून बोंतोक, बोंतोकहून सगादा, मग परत बोंतोकला येऊन तिंगलायनचा रस्ता, आणि पुढे बुस्कलानला डोंगर चढून पायी. दिवसाचा निम्मा वेळ गाडीत जातो. पावसाळ्यात दरड कोसळली की सगळा हिशोबच कोसळतो. आम्ही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो.

आणि अंतरापेक्षाही मोठी चूक वेगळीच होती. हे तीन प्रांत वेगवेगळ्या लोकांचे आहेत. इफुगाव, बोंतोक, कान्कनाय, कलिंगा, प्रत्येकाची भाषा वेगळी, घरं वेगळी, देव वेगळे. बाहेरचे लोक सगळ्यांना मिळून इगोरोत म्हणतात. बोंतोक आणि कान्कनाय लोक ते नाव अभिमानाने लावतात, पण बऱ्याच इफुगावांना आणि कलिंगांना ते आपलं वाटत नाही. मी पहिल्याच सकाळी वाटाड्याला "तुम्ही इगोरोत ना?" असं विचारून बसले. त्याने सौम्यपणे सांगितलं, "मी इफुगाव." वारली, कातकरी आणि महादेव कोळी यांना एकाच नावाने हाक मारली तर त्यांना काय वाटेल? एका दमात तीन प्रांत 'करायचे' ठरवलं, तेव्हाच मी त्या सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं होतं. चार दिवस असतील तर एकच प्रांत घ्या, आणि त्यातलंही एकच गाव घ्या, दोन रात्रींसाठी. बाकीचं राहू द्या. मी हे ठामपणे सांगते आहे, कारण शेवटी नाइलाजाने मला तेच करावं लागलं.

त्या आधी फोटोची गोष्ट. बनावेच्या वर रस्त्यालगत काही जागा आहेत, तिथून डोंगरात पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेली भाताची सगळी खाचरं एका नजरेत दिसतात. फिलिपीन्सच्या २० पेसोच्या नोटेवर मागच्या बाजूला हीच खाचरं आहेत. तिथे म्हाताऱ्या बायका-पुरुष पारंपरिक वेषात बसलेले असतात, डोक्यावर पिसं खोवलेली. एका आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मला फार आवडल्या. मी लांबून, झूम लावून, त्यांना न कळता फोटो काढला. असं मला वाटलं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश, काही न बोलता पाठ फिरवली. पिसं तेवढी दिसत राहिली. नंतर कळलं की फोटोसाठी थोडे पैसे घेणं हे त्यांचं दिवसाचं काम आहे. विचारून, पैसे देऊन त्यांनी हसत फोटो काढू दिला असता. पण मला पैशांपेक्षा ती फिरवलेली पाठ जास्त लागली.

परत आल्यावर मी वाचलं. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात या डोंगरांतली माणसं नेऊन, त्यांचं गाव उभं करून, तिकीट लावून दाखवली होती. लाखो लोकांनी त्यांना कुंपणाबाहेरून बघितलं. त्या घटनेची आठवण कोर्डिलेरात अजून आहे, लोक बोलतात तिच्याबद्दल. न विचारता रोखलेला कॅमेरा तिथे केवळ असभ्य ठरत नाही, त्याला जुना इतिहास चिकटलेला असतो. हे मी जाण्याआधी वाचलं असतं तर कॅमेरा पिशवीतच राहिला असता. तुम्ही आधी वाचा. सगादाला जन्मलेल्या एदुआर्दो मास्फेरे यांनी विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास आपल्याच मुलखातल्या माणसांचे काढलेले फोटो बघा. त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याकडे ओळखीच्या नजरेने बघतात.

आता कधी जायचं. आपण शाळेच्या सुट्ट्या, विमानाच्या तिकिटांचे दर आणि हवामान बघून तारीख ठरवतो. तिथे तारीख भात ठरवतं. साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत लावणी होते, एप्रिल-मेमध्ये खाचरं हिरवीगार असतात, जूनच्या सुमाराला पिवळी पडतात आणि जुलैत कापणी. गावागावांत थोडं पुढेमागे. मला हिरवा डोंगर बघायचा होता आणि मी गेले तेव्हा कापलेल्या धसकटांची पाणथळ, तपकिरी खाचरं होती. वर पावसाचा हंगाम. जुलै ते ऑक्टोबर तिथे वादळांचे महिने, डोंगरातले रस्ते तेव्हाच तुटतात. तारीख पक्की करण्याआधी एक फोन किंवा एक निरोप गावातल्या माणसाला करा, शहरातल्या एजंटाला नव्हे. दोनच प्रश्न विचारा. शेतात सध्या काय चाललं आहे? आणि त्या दिवसांत तुमचा पाळण्याचा दिवस आहे का? सगादालाही असे दिवस असतात, तिथे त्यांना ओबाया म्हणतात. हे दिवस बऱ्याचदा गावातल्या जाणत्या माणसांच्या शब्दावर ठरतात, तेही थोडेच दिवस आधी. म्हणून कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवा. तो वाया जात नाही.

खाचरांविषयी जे तिथे सांगितलं जातं, त्यातलं थोडं तपासून घ्यावं लागतं. युनेस्कोने १९९५ साली यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, पण त्यात पाच ठिकाणं आहेत: बटाड, बंगान, मायोयाव, हुंगदुआन आणि नागाकादान. बनावेच्या रस्त्यावरून दिसणारा, नोटेवर छापलेला तो सुप्रसिद्ध देखावा त्यात नाही. खाचरं दोन हजार वर्षांची आहेत असंच सगळीकडे सांगितलं जातं. पण स्टीफन अकाबादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कियांगान गावात उत्खनन केलं, त्यांच्या मते तिथली भाताची ओली शेती सतराव्या शतकाच्या आसपासची आहे. स्पॅनिश लोकांचा दाब वाढला तशी माणसं डोंगरात वर सरकली आणि आधी जिथे अळकुड्या लावत तिथे भात आलं. मला हे दुसरं उत्तर जास्त मोठं वाटतं. परकी सत्तेला शरण न जाता, तीन-चारशे वर्षांत, हातांनी, एवढा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरून काढणं!

२००१ साली हाच वारसा धोक्यातल्या यादीत गेला आणि २०१२ साली बाहेर आला. तरुण माणसं शहरात जातात, बांध पडतात, उचलायला हात नसतात. १९८०च्या दशकात खाण्यासाठी म्हणून बाहेरून आणलेल्या सोनेरी गोगलगायी रोपं फस्त करतात. पाणी येतं ते वरच्या राखलेल्या रानांतून, त्या रानाला मुयोंग म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली देवराई आठवली, पण मुयोंग देवाचं नसतं, ते एकेका घराचं असतं, पिढ्यानपिढ्या राखलेलं. रान गेलं की खालचं खाचर कोरडं पडतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बटाडला आम्ही पोचलो ते त्याच दुपारी, बंद गावाची वाट सोडून. नाट्यगृहासारखी गोल बसलेली खाचरं आणि मध्ये खोलात गाव. खाचरांच्या भिंती दगडी, चुन्या-सिमेंटशिवाय रचलेल्या. आमच्याकडे त्याला गडगा म्हणतात. वाट म्हणजे त्या भिंतींचा माथा, एका बाजूला घोटाभर पाणी आणि दुसऱ्या बाजूला पुरुष-दीड पुरुष खोल. पाऊस भुरभुरत होता. मी फोटोसाठी कडेला सरकले आणि पायाखालचा एक दगड हलला, मग निसटून खालच्या खाचरात पडला. मी पडले नाही, यजमानांनी धरलं. पण त्या जागेतून लगेच चिखलाचं पाणी झिरपू लागलं.

वाटाड्या काही बोलला नाही. तो खाली उतरला, दगड खांद्यावर घेऊन वर आला, बसवला, हलवून बघितला, परत काढला. दुसऱ्या बाजूने फिरवून बसवला. मग बारीक चिपा शोधून सांधीत ठोकल्या, आणि चिखलाचा एक गोळा वरून दाबला. अर्धा तास गेला. माझे वडील चैत्रात आमच्या कुणग्याचा गडगा असाच नीट करायचे, दगड तसाच फिरवून फिरवून बघायचे, म्हणायचे दगडाला तोंड असतं. मी त्याच्या शेजारी बसून चिपा उचलून देऊ लागले. तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि त्याने विचारलं, "तुमच्याकडे पण भिंती आहेत?"

तर, चालताना भिंतीच्या आतल्या बाजूने चाला. समोरून कुणी ओझं घेऊन येत असेल तर थांबून वाट त्याला द्या. पकड असलेले बूट घाला, सेल्फीसाठी कडेला जाऊ नका. तुम्ही पडलात तर तुमचा पाय मोडेल, दगड पडला तर दुसऱ्याचं शेत फुटेल.

संध्याकाळी पावसाने जोर धरला आणि रात्री बनावे-बोंतोक रस्त्यावर दरड आल्याची बातमी आली. दुसऱ्या सकाळी सगादाला जायचं होतं. एजंटाचा फोन लागला नाही, नंतरही कधी लागला नाही. आम्ही ज्या घरात उतरलो होतो तिथल्या आजी-आजोबांनी चौकशीही केली नाही, नुसतं आणखी दोन ताटं मांडली. त्या घरात आम्ही दोन दिवस राहिलो, आणि माझ्या चार दिवसांच्या सहलीत तेवढेच दिवस मी खऱ्या अर्थाने कुठे तरी गेले होते.

आजींना इंग्रजी थोडं येत होतं, मला त्यांची भाषा मुळीच नाही. पहिल्या सकाळी त्या ओट्यावर बसल्या, कमरेच्या पिशवीतून सुपारीचं खांड काढलं, पान काढलं, डबीतून बोटावर चुना घेतला. मी बघतच राहिले. त्यांनी विडा करून माझ्यापुढे धरला. त्याला त्या मोमा म्हणाल्या. मी माझ्या आजीसारखा तो गालात सरकवला, तर त्यांनी टाळीच वाजवली. मग बोलायला भाषा लागली नाही. त्यांनी मला कोठारात बांधून ठेवलेल्या भाताच्या जुड्या दाखवल्या. विळ्याने कापत नाहीत, बोटांच्या बेचक्यात मावेल अशा छोट्या सुरीने एकेक लोंबी खुडतात, जुडी बांधतात आणि वाळवून ठेवतात. लागेल तसं उखळात कांडतात. या भाताला तिनावोन म्हणतात, म्हणजे वर्षातून एकदाच येणारं. याच देशात, लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, १९६६ साली आयआर-८ हे भाताचं वाण बाहेर आलं. झटपट वाढणाऱ्या भाताचं ते माहेर, आणि तिथून एका रात्रीच्या प्रवासावर हे भात वर्षभर आपल्याच गतीने पिकत होतं.

दुपारी मी आजींना हुडहुडबद्दल विचारलं. हुडहुड म्हणजे इफुगावांची दीर्घ कथागीतं. मुख्यतः बायका गातात, कापणीच्या वेळी आणि कुणी गेलं की जागरणाला. पूर्ण कथा म्हणायला तीन-चार दिवस लागतात. युनेस्कोने २००१ साली हुडहुडचा गौरव केला. माझ्या कागदावर 'पारंपरिक गायन' लिहिलं होतं ते हेच. आजी म्हणाल्या, कापणी झाली, आता कशाला गाऊ? आणि मग थांबून म्हणाल्या, कुणी मेलं तर गाऊ. त्यात राग नव्हता, त्या फक्त खरं सांगत होत्या. मी त्यांना गा म्हणून आग्रह केला नाही. हे मात्र मी बरोबर केलं.

पैशांचं सांगते. बनावेत एटीएम मोजकी आहेत, आम्ही गेलो त्या दिवशी एक बंद होतं, दुसऱ्यात नोटा नव्हत्या. खालच्या गावांत कार्ड चालत नाही. मनिलातच पुरेशी रोकड काढा, शंभर-शंभर, पन्नास-पन्नास पेसोच्या नोटा ठेवा. पर्यटन कार्यालयात नोंद करा, पर्यावरण शुल्क भरा, पावती जपा. वाटाड्या त्याच गावचा घ्या आणि त्याच्या हातात पैसे द्या. मधल्या माणसाला दिलेले पैसे डोंगर चढेपर्यंत बरेच गळतात. परतीचं विमान बस पोचण्याच्या सकाळचं कधीही घेऊ नका. मध्ये एक पूर्ण दिवस मनिलात ठेवा. आम्ही ठेवला नव्हता. आम्ही मनिलाला पोचेपर्यंत विमान निघून गेलं आणि नवी तिकिटं सहलीच्या सगळ्या खर्चाहून महाग पडली.

जेवणाचं आधीच स्पष्ट बोला. आम्ही मासे खाणारी माणसं, आमचं भागलं. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं पुरत नाही. 'मासे नको, माशांची चटणी नको, कोंबडीचं पाणी नको' असं एकेक सांगावं लागतं. मग रताळी, केळी, पालेभाजी आणि भात मिळतो, आणि तो भात असा असतो की दुसरं काही मागावंसं वाटत नाही.

मुलांना चॉकलेटं वाटू नका. पहिल्या दिवशी मी वाटली. दुसऱ्या दिवशी तीच मुलं वाटेवर हात पसरून उभी होती आणि त्यांच्यातल्या एकाची आई लांबून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी विसरू शकत नाही. काही द्यायचंच असेल तर शाळेला विचारून, शिक्षकांच्या हाती द्या.

कोठाराची राखण करणारी लाकडी मूर्ती म्हणजे बुलुल. बाजारात नव्या कोरलेल्या बुलुल मिळतात, त्या घ्या, कारागिराचं घर चालतं. पण कुणी 'जुनी आहे, घरातली आहे' असं म्हणून दाखवली तर हात लावू नका. चोरीला गेलेल्या देवाला विकत घेऊन आपल्या शोकेसमध्ये बसवायचं पाप नको. इफुगाव लोक पूर्वजांच्या अस्थी काढून, स्वच्छ करून, कापडात गुंडाळून जपतात. कुठे कुणी पैसे घेऊन त्या दाखवायला तयार झालं तरी नको म्हणा. आपल्या आजोबांच्या अस्थी आपण कुणाला दाखवू का?

सगादा आणि बुस्कलान राहिलं. सुरुवातीला हळहळले, आता नाही. बुस्कलानला जायचं असेल तर ते वेगळं, स्वतंत्र जाणं असू द्या. आणि जाताना वाटेत जी चिको नदी लागते तिच्याबद्दल वाचून जा. हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीत तिच्यावर मोठी धरणं बांधायचं ठरलं होतं, जागतिक बँकेचा पाठिंबा होता. कलिंगा आणि बोंतोक लोकांनी ती होऊ दिली नाहीत. त्यांचे एक पुढारी, माक्लिइंग दुलाग, यांना २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी त्यांच्या गावात गोळ्या घातल्या. धरणं झाली नाहीत. मुळशीचा सत्याग्रह ज्यांच्या घरात सांगितला जातो त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. ती नदी गाडीच्या काचेतून नुसती बघून पुढे जाणं मला आता जमणार नाही. फिलिपीन्समध्ये १९९७ साली मूळ निवासी लोकांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यांच्या जमिनीवर काही करायचं तर आधी त्यांची संमती लागते, असं त्यात लिहिलं आहे. आपण पर्यटक कायद्याच्या कचाट्यात येत नाही, पण संमती विचारायला काय जातं?

निघायच्या सकाळी वाटाड्या आम्हाला वरच्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. बंद गावाच्या वाटेवरचा पुडोंग तसाच होता, पातं थोडं सुकलेलं. मी विचारलं, अजून बंद? तो म्हणाला, नाही, संपलं, पण गाठ कुणी सोडत नाही, ती आपोआप वाळून जाते. मग गाव उघडं की बंद हे कसं कळतं? म्हणाला, हिरवी आहे तोवर थांबायचं, आणि तरीही गावातल्या कुणाला तरी विचारायचं. आजींनी निरोप पाठवला होता. माझ्या गावात लावणी कधी असते, ते त्यांना हवं होतं. मी सांगितलं, पहिला पाऊस झाल्यावर. त्यांची जानेवारीत. म्हणजे एकाच वर्षात मला दोनदा चिखलात उतरता येईल, असा त्यांचा हिशोब होता.

परवा भाच्याचा फोन आला. तिकिटं स्वस्त आहेत, कंपनी सूट देते आहे. "मावशे, जानेवारीची काढून ठेवू?"

"थांब रे जरा," मी म्हटलं. "आधी आजीक इचार, लावणी कधी आसा ती."